ओढा, सभासद क्रमांक एकशे त्रेचाळीस

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, मार्चच्या शेवटच्या रविवारी, वडवणी तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेच्या सचिवांनी मला एक बाटली दिली. बाटलीत अकरा भुंगेरे होते. नव्या प्रजातीचं वर्णन लिहिण्यासाठी त्यांतला एकही उपयोगी पडला नाही.

मी तेव्हा केजच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होते. त्याआधी, एम.एस्सी. झाल्यावर नोकरी मिळेपर्यंत, बीडच्या एका दैनिकात चार वर्षं आलेल्या बातम्या तपासून छापण्याजोग्या करण्याचं काम केलं होतं. जागा आणि दिवस नसलेली बातमी तिथे टोपलीत जात असे. प्राण्याच्या नमुन्याचंही तसंच असतं. कुठे सापडला आणि कधी सापडला हे नक्की नसेल, तर तो कितीही सुंदर असो, ती एक मेलेली वस्तू असते.

हा भुंगेरा मला आदल्या डिसेंबरात मिळाला होता. बालाघाटच्या उतारावरून येणारा एक ओढा त्या गावाच्या वरच्या अंगाने वाहतो. आटत चाललेल्या ओढ्यात काय जिवंत राहतं ते पाहायला मी गेले होते. वाहत्या पाण्यातला एक दगड उलटा केला तेव्हा त्याच्या खालच्या बाजूला, तिळाहून लहान, काळपट तपकिरी असे तीन ठिपके होते. पाठीवर प्रत्येकी दोन तांबूस डाग. हा पाण्यात राहणारा किडा असून त्याला पोहता येत नाही. लांब नख्यांनी तो दगडाला धरून राहतो आणि अंगाच्या बारीक केसांत अडकलेल्या हवेच्या पातळ थरावर श्वास घेतो. पाणी वाहतं राहिलं तर ती हवा ताजी राहते. धार थांबली की तो मरतो.

तिन्ही माद्या निघाल्या. या कुळातल्या अनेक प्रजाती बाहेरून जवळजवळ सारख्या दिसतात. वेगळेपणा ठरतो तो नराच्या जननेंद्रियाच्या आकारावरून. त्याच ओढ्यावर खाली, बंधाऱ्याजवळ, याच्यासारखीच दिसणारी एक नेहमीची प्रजाती होती. मी काढलेली चित्रं दुसऱ्या राज्यातल्या एका जाणकारांना पाठवली. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. प्रजाती नवी असावी. नर आणि नेमकी जागा हाती येईपर्यंत एक शब्दही लिहू नका.

केजहून जीपने धारूर, तिथून एसटीने तेलगाव, पुढे वडवणी आणि वडवणीहून मिळेल ते वाहन. एका रविवारी एवढंच होत असे. जानेवारी आणि फेब्रुवारीत मी सहा रविवार गेले. नर मिळाला नाही. प्रत्येक वेळी धार आदल्या वेळेपेक्षा आखूड झालेली असे.

दूध संस्थेची इमारत ओढ्यापासून हाकेच्या अंतरावर होती. सचिव पन्नाशीचे होते. बावीस वर्षं त्याच खुर्चीवर. अक्षर छापल्यासारखं. मी चहाला तिथे थांबत असे. एकदा त्यांनीच विषय काढला.

"मॅडम, हप्त्याला एकदा येऊन कसं जमायचं? सकाळचं दूध आटपलं की मी मोकळाच अस्तो. किडा कसा धरायचा ते दावा, मी काढून ठिवतो."

मी त्यांना दगड कसा उलटायचा ते दाखवलं. बारीक चिमटा दिला. झऱ्याचं तोंड, मधली खडकाळ धार आणि खालचा बंधारा अशा तीन जागा दाखवल्या आणि स्पिरिट भरलेल्या तीन बाटल्या दिल्या. तीन जागांना तीन बाटल्या का, हे सांगितलं नाही. ते उघड आहे असं मी धरून चालले.

दोन आठवड्यांनी, मार्चच्या त्या शेवटच्या रविवारी, त्यांनी दिलेली बाटली माझी नव्हती. ती दुधाच्या नमुन्याची बाटली होती, रबरी बुचाची. त्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती. सभासद क्रमांक १४३. नाव: ओढा. खाली दहा दिवसांच्या तारखा आणि 'रोजचा नमुना एकत्र' असा शेरा.

ही चूक दुसऱ्या कुठल्याही व्यवसायातल्या माणसाने केली नसती. त्या संस्थेत प्रत्येक सभासदाच्या दुधाचं फॅट रोज तपासत नसत. रोज थोडं दूध त्याच्या नावाच्या बाटलीत टाकायचं, नासू नये म्हणून फॉर्मॅलिनचे थेंब घालायचे, आणि दहाव्या दिवशी एकदाच तपासून सरासरी काढायची. संस्थेचे सभासद एकशे बेचाळीस होते. सचिवांनी ओढ्याला पुढचा क्रमांक दिला होता.

"माझ्या बाटल्या कुठे आहेत?" मी विचारलं.

"त्या हायती की कपाटात. बूच बी न्हाई काढलं. स्पिरिट उडतं मॅडम, कावून वाया घालवायचं? आपलं फॉर्मॅलिन लई भारी. धा दिवस दूध नासत न्हाई, मंग किडा काय नासतोय?"

"आणि तिन्ही जागांचे भुंगेरे यात एकत्र आहेत?"

"हां. सरासरी निघती ना बराबर."

मी बाटली पिशवीत ठेवली आणि चहा घेतला.

सोमवारी प्रयोगशाळेत अकराही उघडून पाहिले. नऊ माद्या, दोन नर. फॉर्मॅलिनने आतले स्नायू ताठरले होते. जननेंद्रिय सोडवताना दोन्ही नरांचं तुटलं. माद्या झऱ्यावरच्या की बंधाऱ्यावरच्या, हे सांगायला आता काही मार्ग नव्हता. दुपारी मी संस्थेत फोन केला आणि काय झालं ते सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "म्हंजी माल नासला म्हणा. माज्यामुळं."

"चूक माझी आहे. तीन बाटल्या का, ते मी सांगायला हवं होतं."

"तीन जागा दावल्या, तीन बाटल्या दिल्या. मला डोळं न्हवते का?" ते म्हणाले. "आन् आता दुसरं आईका. आज कमिटीची मीटिंग झाली. झऱ्याच्या तोंडाशी खोदून शिमिटाची रिंग बसवायची, तिथून पाईप छावणीच्या हौदात. गुरुवारी काम सुरू. ठराव मीच लिव्हलाय."

गावाबाहेरच्या मोकळ्या रानात संस्थेने आसपासच्या दहा-बारा गावांच्या जनावरांची छावणी चालवायला घेतली होती. टँकर एक दिवसाआड येत होता. मधली धार त्या आठवड्यात आटली होती, बंधाऱ्यात चिखल उरला होता. वाहतं पाणी फक्त झऱ्याच्या तोंडाशी होतं, पाच-सहा हात लांबीचं. तेवढ्याच जागेवर संस्थेची रिंग बसणार होती. खोदकाम झालं की त्या ओढ्यात नर शोधायला जागा राहणार नव्हती, आणि दुसऱ्या कुठल्या ओढ्यात हा भुंगेरा मला दिसलेला नव्हता.

बुधवारी रजा टाकून मी सकाळीच गावात पोहोचले. दूध घालायची वेळ होती. पत्र्याच्या शेडमध्ये किटल्या आणि चरव्या घेऊन रांग लागली होती. अध्यक्ष दाराशी बाकावर बसले होते. पासष्टीचे गृहस्थ, त्यांची स्वतःची चार जनावरं छावणीत होती आणि तेही तिथेच मुक्कामाला असत. मी त्यांच्याकडे खोदकाम चार दिवस पुढे ढकलण्याची विनंती केली.

"कशापायी?"

मी सांगितलं. रांगेतले लोक ऐकत होते.

"बाई, किडंच पायजेत तर आमच्या ज्वारीत या की," एकजण म्हणाला. "पोत्यानं देतो."

"फॅट किती लागतं वो त्याला?" दुसऱ्याने विचारलं.

"किती बी लागू दे बे, तुज्या म्हशीपेक्षा जास्तच लागंल."

रांग हसली. अध्यक्ष हसले नाहीत.

"चार दिस जनावरं थांबत न्हाईत, बाई. तुमच्या किड्याला तहान लागती का?"

"पाणी वाहायचं थांबलं की मरतो."

"मंग आमच्यासारखाच हाय म्हणा. पर आमी धा-बारा गावचे लोक हाव, त्यो एकटा."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि मी तसं सांगितलं. काम थांबवू नका, मी कडेला बसते, निघतील ते दगड पाहते, एवढंच म्हणाले.

तेवढ्यात सचिव तपासणीच्या टेबलामागून उठून आले. हातात पावतीपुस्तक होतं.

"अध्यक्षसाहेब, उद्या धोंडं तर काढायचेच हायती. ते कडंला फेकायचे, त्यापरीस एकेक धोंडा तिथंच मॅडमपाशी आणायचा. दूध आणत्यात तसं, वळीनं. कुठला धोंडा, किती वाजता निघाला, मी पावती करतो. ज्याची त्याची येगळी बाटली." 'येगळी' हा शब्द त्यांनी थोडा जोरात उच्चारला.

"येळ किती जाईल?"

"दोन तास जास्तीचे."

अध्यक्षांनी रांगेकडे पाहिलं. "टँकरचं आजचं पाणी हौदात उद्या दुपारपतुर पुरतं. दोन तास घ्या. तिसरा न्हाई."

गुरुवारी सकाळी आठ वाजता चौदा माणसं झऱ्यावर आली. सगळे सभासद, सगळ्यांची जनावरं छावणीत. पहार, टिकाव, घमेली. सचिवांनी संस्थेतलं दूध गाळायचं पांढरं कापड आणि धुऊन वाळवलेल्या नमुन्याच्या बाटल्या आणल्या होत्या. कपाटात ठेवलेलं स्पिरिट त्यांनी स्वतः प्रत्येक बाटलीत ओतलं. एकाने दगड उचलून ओंजळीतल्यासारखा धरून आणायचा, सचिवांनी क्रमांक पुकारून जागा आणि वेळ लिहायची, मी दगडाची खालची बाजू भिंगातून पाहायची, असा क्रम ठरला.

पहिले बारा दगड फुकट गेले. ओल्या काळ्या दगडावर काळा भुंगेरा, तोही हालचाल न करणारा. मी एकेका दगडाला चार-पाच मिनिटं लावत होते आणि मागे रांग थांबत होती.

"बाई, असं करत बसलात तर पाऊस येईल," रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या. त्यांची एकच गाय छावणीत होती. "बगा, त्यो धोंडा कापडावर ठिवा आन् गप बसा. ज्वारीला किडा लागला की आमी काय निवडत बसतो का? उनात घालतो. तापलं की आपसुक भाईर निगतंय."

त्यांनी हातातला दगड पांढऱ्या कापडावर उन्हात ठेवला. दगडाची ओल सुकत आली तसा एक काळा ठिपका त्याच्या कडेवरून चालत खाली आला आणि कापडावर थांबला. मग दुसरा.

"निगालं का न्हाई?"

त्यानंतर दगड कापडावर ओळीने मांडले गेले, प्रत्येकाच्या बाजूला त्याची पावती. मी चिमट्याने वेचत गेले. माझ्या नजरेतून सुटलेले मावशी बोटाने दाखवत. बाटल्यांवर क्रमांक चढत गेले.

दहा वाजता अजून वीसेक दगड पाण्यात होते. रिंग बैलगाडीतून उतरवून ठेवलेली होती. कोणीतरी अध्यक्षांना म्हणालं, "साहेब, दोन तास झाले."

"माजं घड्याळ बंद हाय," अध्यक्ष म्हणाले.

घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं आणि चालू होतं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते. सेकंदकाटा फिरताना दिसत होता.

अकराला शेवटचा दगड निघाला. एकूण एकसष्ट दगड, एकोणीस भुंगेरे. लगेच टिकाव सुरू झाले. चारच्या सुमारास रिंग बसली. पाईपचं पाणी छावणीच्या हौदात पोहोचलं तेव्हा सहा वाजले होते. दगड तपासण्याचे ते तीन तास नसते तर ते तीन वाजताच पोहोचलं असतं. दुपारनंतर हौदाचा तळ दिसत होता आणि जनावरं ओरडत होती. मी तिथे होते, मी ते ऐकलं. परत जाताना सचिवांनी मला वडवणीपर्यंत मोटारसायकलवर सोडलं. बाटल्या त्यांनी शर्टाच्या आत, पोटाशी, टॉवेलात बांधून घेतल्या होत्या, कारण रस्ता खराब होता.

हे सगळं लिहून ठेवण्याचं कारण ते तीन तास आहेत. ते मी मागितले नव्हते. मागायची माझी हिंमत झाली नसती.

शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेत बाटल्या क्रमाने उघडल्या. पहिल्या पाच माद्या. सहावा नर होता. स्पिरिटमुळे ते अंग मऊ राहिलं होतं. सुईच्या टोकाने सहज सुटलं. बंधाऱ्यावरच्या प्रजातीत ते सरळ असतं. याचं टोक ऊसतोडीच्या कोयत्यासारखं एका बाजूला वळलेलं होतं. मी ते तीन वेळा काढलं आणि तिन्ही चित्रं एकमेकांवर ठेवून पाहिली. मग उरलेले तपासले. आणखी तीन नर निघाले, तिघांचंही टोक तसंच.

संस्थेत फोन केला. सचिवांनीच उचलला.

"नर आहे. चार आहेत."

"पयला कितव्या धोंड्यावर?"

"सत्तावीस."

पावतीपुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज आला. "सत्तावीस. झऱ्याच्या तोंडापासून उजव्या अंगाला दोन हात. नऊ वाजून चाळीस मिन्टं. आणणारी मावशी." मग ते म्हणाले, "ह्यात सरासरी न्हाई बरं का मॅडम."

वर्णन लिहायला पाच महिने लागले. डोक्याची रुंदी, मिशीचे खंड, पंखांवरच्या टिंबांच्या ओळी, डागांची जागा. सत्ताविसाव्या दगडावरचा नर हा मूळ नमुना ठरला, म्हणजे प्रजातीचं नाव ज्या एका प्राण्याला कायमचं जोडलेलं राहतं तो. गोळा करणाऱ्याच्या जागी मी सचिवांचं नाव लिहिलं. प्रजातीलाही त्यांचंच नाव द्यावं असं माझ्या मनात होतं. मी विचारलं तेव्हा ते घाबरले.

"नका हो. किड्याला माजं नाव दिलं तर गाव मला काय म्हनंल? आदीच सचिव म्हंजी पाणी घालणारा म्हंत्यात."

म्हणून डोंगररांगेचं नाव दिलं.

नियतकालिकाच्या संपादकांनी लेख स्वीकारताना एक अट घातली. आभाराचा परिच्छेद फार लांब आहे, तो तीन ओळींवर आणावा. त्यात चौदा माणसांची नावं होती आणि कुणी काय केलं ते एकेका वाक्यात होतं. ओळी कापण्याचं काम मी चार वर्षं पगार घेऊन केलेलं होतं. प्रास्ताविकातल्या सात ओळी मी कापल्या, तेवढी जागा मोकळी झाल्याचं संपादकांना कळवलं आणि आभार होते तसे ठेवण्याची विनंती केली. त्यांनी ती मानली. लेख छापून आला तेव्हा चौदाही नावं त्यात होती.

छापील प्रत मी संस्थेला दिली. त्या वर्षीच्या वार्षिक सभेत ऐनवेळच्या विषयांत अध्यक्षांनी ती हातात धरून दाखवली. मीही मागे बसले होते. एका सभासदाने उठून विचारलं, याचा संस्थेला फायदा काय? अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. काही नाही, असं मी म्हणाले.

"काही न्हाई, असं लिवा," अध्यक्ष सचिवांना म्हणाले, आणि सचिवांनी तसं लिहिलं. मग अभिनंदनाचा ठराव झाला. सूचक मावशी होत्या. अनुमोदन फॅट विचारणाऱ्या सभासदाने दिलं. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

छावणी खोदकामानंतरच्या जुलैत उठली. रिंग आणि पाईप तसेच राहिले; गावाला अजून त्याच झऱ्याचं पाणी जातं. ओढा नंतरच्या वर्षांत पुन्हा वाहिला. मी दर हिवाळ्यात जाऊन पाहत राहिले. रिंगच्या खाली पहिल्या तीन हिवाळ्यांत बंधाऱ्यावरची प्रजाती मिळाली, ही मिळाली नाही. आसपासच्या आणखी नऊ ओढ्यांतही मिळाली नाही.

चौथ्या हिवाळ्यात, जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेआठ वाजता, रिंग भरून वाहते तिथून खाली तीन हातांवर मी एक दगड उलटा केला. त्यावर दोन भुंगेरे होते. पाठीवर प्रत्येकी दोन तांबूस डाग. मी त्यातला एक घेतला. नंतर प्रयोगशाळेत तो नर निघाला, टोक वळलेलं. दुसरा दगडावरच राहू दिला आणि दगड होता तसा परत ठेवला.